संस्था कोणासाठी? महाराष्ट्रातील सेवासंस्थांच्या इतिहासाचे एक अवलोकन

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक स्वरूपाचे लिहावे, अशी सूचना संपादक-मंडळाकडून आली, तेव्हा विषय शोधण्यासाठी मला फार दूर जावे लागले नाही. आपल्या प्रत्येक वार्षिक सभेत एक प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपाने निघतोच. संघाच्या विद्यार्थी-साहाय्य निधीतील पैसा केवळ ज्ञातीतील मुलामुलींनाच द्यावा, की दाराशी आलेल्या अन्य समाजांतील गरजू विद्यार्थ्यांचाही त्यात काही वाटा असावा? दोन्ही बाजूंनी कळकळीची भाषणे होतात, वेळ संपते, आणि विषय पुढील सभेवर टाकला जातो. या प्रश्नाचा निकाल सभेनेच लावावयाचा आहे. परंतु आपल्यापूर्वी ज्यांनी या महाराष्ट्रात संस्था काढल्या, चालविल्या आणि वाढविल्या, त्यांच्यापुढे हाच प्रश्न कसा उभा राहिला व त्यांनी तो कसा सोडविला, हे निकालापूर्वी पाहिले तर विचारास काही बैठक मिळेल, असे वाटून हा अल्प प्रयत्न केला आहे.

दान आणि संस्था

दानधर्म आपल्या समाजास नवीन नाही. विहिरी, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे, पाणपोया यांची आपल्या देशात कधीच वाण नव्हती. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत केलेली धर्मकार्ये प्रसिद्धच आहेत. परंतु अशा दानाचा आधार बहुधा एका व्यक्तीचे औदार्य हा असे. दाता गेला, वारसांचे मन फिरले, किंवा राज्य पालटले, की अन्नछत्र बंद पडे आणि धर्मशाळेत गुरे बांधली जात.

एकोणिसाव्या शतकात याहून निराळी गोष्ट उदयास आली. ती म्हणजे संस्था. अनेकांनी एकत्र यावे, उद्देश लिहून काढावा, थोडी थोडी वर्गणी द्यावी, कारभारी निवडावेत आणि त्यांच्याकडून हिशेब घ्यावा, अशी ही रीत. १८६० सालच्या संस्था नोंदणी अधिनियमाने तिला कायद्याचे रूप दिले. कोणत्याही सात किंवा अधिक व्यक्तींना वाङ्मयीन, शास्त्रीय वा धर्मादाय कार्यासाठी संस्था नोंदविता येऊ लागली. या कायद्यात एक कलम आहे, त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. संस्था बंद करावयाची झाली, तर देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांनी आपसांत वाटून घ्यावयाची नाही. ती दुसऱ्या एखाद्या संस्थेकडे गेली पाहिजे. याचा अर्थ स्पष्ट आहे. संस्थेच्या पेटीत पडलेला रुपया त्या क्षणापासून देणाऱ्याचा राहत नाही. तो उद्देशाचा होतो. ‘आमचा पैसा’ हा शब्दप्रयोग सभेत अनेकदा ऐकू येतो. तो करताना हे कलम ध्यानात असावे.

उद्देशांची विविधता

पहिल्या पिढीच्या संस्था पाहिल्या, तर त्यांचे उद्देश किती भिन्न होते हे पाहून कौतुक वाटते. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारी हे तिचे निमित्त होते. परंतु गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणत, आणि पुढे न्यायमूर्ती रानडे यांच्यामुळे ती प्रजेच्या वतीने सरकारशी बोलणारी सभा झाली. तिचा नियम ध्यानात घेण्यासारखा आहे. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. मी कोणाच्या वतीने बोलतो, हे आधी सिद्ध करावयाचे आणि मग बोलावयाचे. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात या सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून रयतेची दैना सरकारपुढे मांडली.

१८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्याचा उद्देश शूद्रातिशूद्रांना पुरोहितांच्या आणि अज्ञानाच्या दास्यातून सोडविण्याचा होता. परंतु फुले दांपत्याच्या कार्याचे एक वैशिष्ट्य असे, की ज्यांच्या वर्चस्वाविरुद्ध त्यांचा लढा होता, त्याच समाजातील अगतिक स्त्रियांसाठीही त्यांचे दार उघडे होते. १८६३ साली त्यांनी स्वतःच्या घरी काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहात आश्रयास आलेल्या विधवा मुख्यतः ब्राह्मण समाजातील होत्या. अशाच एका स्त्रीचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. पीडित कोण, एवढेच त्या दारात पाहिले जाई.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. तिचा उद्देश स्वस्त आणि स्वतंत्र शिक्षण हा होता आणि साधन होते शिक्षकांचा त्याग. आजीव सदस्यांनी २० वर्षे सेवेची प्रतिज्ञा करावयाची आणि अल्प वेतनावर राहावयाचे. गोपाळ कृष्ण गोखल्यांसारख्या बुद्धिमान पुरुषाने फर्ग्युसन महाविद्यालयात दरमहा ७५ रुपयांवर आपले तारुण्य वेचले. याच संस्थेतून लोकमान्य टिळक १८९० साली बाहेर पडले. वादात अनेक कारणे होती. त्यांतील प्रमुख हे, की आजीव सदस्याने संस्थेबाहेर अर्थप्राप्ती करावी की करू नये. टिळकांचे म्हणणे, सर्व श्रम आणि सर्व प्राप्ती संस्थेची. कोण बरोबर होते याचा निर्णय इतिहासकार करोत. आपल्यासाठी बोध एवढाच, की त्या थोर पुरुषांचे भांडण मानपानाचे नव्हते. संस्था कशासाठी आहे आणि तिच्या सेवकाने तिच्याशी कसे वागावे, यावरून ते झाले.

एका संस्थेने दुसरीस जन्म द्यावा, असेही घडत गेले. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढे ते पुण्यास आणले. तेथील एक विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. कर्वे हे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे सेवक. आरंभी त्यांच्यापुढे विधवाविवाहाचा प्रश्न होता. काम करू लागल्यावर त्यांना दिसले, की विवाहापेक्षाही विधवेला आश्रय आणि विद्या यांची गरज मोठी आहे. म्हणून १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन झाली व पुढे हिंगण्यास आश्रम उभा राहिला. कॉलेजातील अध्यापन आटोपून अण्णासाहेब हिंगण्याची वाट पायी चालत जात. मग दिसले, की विद्या केवळ विधवेलाच नव्हे तर प्रत्येक मुलीला हवी. म्हणून १९०७ साली महिला विद्यालय आणि १९१६ साली महिला विद्यापीठ. वयाच्या पंचाहत्तरीनंतर, १९३६ साली, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ. आणि १९४४ साली, जातिभेदाच्या भिंती मोडाव्यात म्हणून, समता संघ. कामाने जी गरज दाखविली, तिच्यामागे अण्णासाहेबांचा उद्देश वाढत गेला.

गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापन केला, त्यात देशसेवेस आयुष्य वाहून घेणाऱ्यांना सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. त्याच समाजाचे ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढून गिरणी-कामगारांच्या वस्तीत वाचनालये, रात्रशाळा आणि दवाखाने चालविले. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी निराश्रित साहाय्यकारी मंडळी, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशन, मुंबईत सुरू केले. इकडे भारत इतिहास संशोधक मंडळाने १९१० पासून दप्तरे जतन करण्याचे व्रत घेतले, तर मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १८८३ पासून पशुपक्षी व वनस्पती यांच्या अभ्यासाचे. कोणी बोलण्यासाठी, कोणी शिकविण्यासाठी, कोणी आश्रय देण्यासाठी, तर कोणी केवळ जतन करण्यासाठी संस्था काढल्या. नफा कोणासही नको होता.

कोल्हापूरची वसतिगृहे आणि एक विद्यार्थी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांचे सर्वांत उज्ज्वल प्रकरण म्हणजे राजर्षी शाहू छत्रपतींच्या काळातील कोल्हापूरची वसतिगृहे होत. खेड्यातील मुलगा शहरी शिकावयास आला, तर त्याने राहावे कोठे आणि जेवावे कोठे, हा त्या काळी विद्येच्या मार्गातील पहिलाच धोंडा होता. महाराजांनी तो दूर करण्यासाठी निरनिराळ्या समाजांच्या पुढाऱ्यांना उत्तेजन दिले, जागा दिल्या, पैसा दिला. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी जैन वसतिगृह, १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी, १९०७ साली लिंगायत विद्यार्थ्यांसाठी, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. पुढे आणखीही कितीतरी समाजांची निघाली.

ही वसतिगृहे ज्ञातिवार का? त्या काळी एका पंक्तीत बसून जेवण्यास घरचे लोक मुलांना परवानगी देतील, अशी परिस्थिती नव्हती. पंक्तीचा वाद मिटेपर्यंत मुलांनी शिकावयाचे थांबावे, हे महाराजांना मान्य नव्हते. म्हणून प्रत्येक समाजाने आपल्या मुलांची सोय करावी, आणि ज्या समाजास ते सामर्थ्य नाही त्याच्यामागे दरबाराने उभे राहावे, असा हा मार्ग होता. ज्ञाती ही येथे शिडी होती. ज्या हजारो घरांत अक्षर-ओळख नव्हती, तेथे या शिडीने पदवीधर निपजले. ज्ञातिसंस्थांना कोणी सरसकट संकुचित म्हणू लागला, तर त्याने हे कार्य आधी पाहावे.

परंतु याच शिडीची दुसरी बाजूही कोल्हापुरातच दिसली. जैन वसतिगृहात कुंभोज गावचा भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी राहत होता. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास तो गेला. परत आल्यावर, आंघोळ केल्याशिवाय भोजनगृहात येऊ नये, असे त्यास सांगण्यात आले. त्याने नकार दिला, आणि त्यास ते वसतिगृह सोडावे लागले, असे त्याच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. समाजातील मुलांना घर मिळावे म्हणून बांधलेल्या वास्तूतून त्याच समाजाचा एक मुलगा, दुसऱ्या समाजाच्या मुलांस भेटल्यामुळे, बाहेर पडला.

हा मुलगा म्हणजेच पुढील कर्मवीर. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले, त्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकत्र जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींनी तेथे येऊन त्यास छत्रपती शाहूंचे नाव दिले, हे औचित्याचेच झाले. अण्णांपाशी भांडवल नव्हते. घरोघरी जाऊन मूठमूठ धान्य गोळा करावयाचे, मुलांनी काम करून शिकावयाचे, असा क्रम होता. एके वेळी मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. त्या संस्थेने आपले बोधचिन्ह वटवृक्ष ठेवले, आणि आज तिच्या शाळा-महाविद्यालयांचा विस्तार पाहिला, तर ते चिन्ह सार्थ झाल्याची खात्री पटते. शिडीने वर चढविलेल्या माणसाने सर्वांसाठी जिना बांधला, असे म्हणावे लागेल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थांचाही हाच क्रम दिसतो. १९२४ साली मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली आणि १९२५ साली तिने सोलापूरला वसतिगृह सुरू केले. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता, त्यांच्यासाठी निराळी सोय करणे हे त्या वेळी प्रथम कर्तव्य होते. पुढे १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. त्याचे दार मात्र सर्व जातींच्या विद्यार्थ्यांस खुले ठेवण्यात आले. ज्यांच्यासाठी इतरांची दारे बंद होती, त्यांनी आपले दार कोणासही बंद केले नाही. यापुढे आपण काय बोलावे?

स्वातंत्र्योत्तर काळ

स्वातंत्र्यानंतर शिक्षण आणि आरोग्य यांची जबाबदारी शासनाने उचलली, तरी संस्थांचे काम संपले नाही. जेथे शासनाचा हात पोचत नव्हता, तेथे ते सरकले. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. १९५१ साली वरोड्याजवळच्या माळरानावर सहा कुष्ठरोगी, १४ रुपये आणि एक लंगडी गाय एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झाले. तेथे रोग्यास भिक्षा मिळाली नाही. काम मिळाले, आणि कामाबरोबर मान. १९७० साली जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातील साध्या, पुष्कळदा निरक्षर स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन गावाचे आरोग्य त्यांच्या हाती सोपविले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत सुरू केलेल्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांकडून नवजात बालकांची घरच्या घरी शुश्रूषा करविली. बालमृत्यू काळजीपूर्वक मोजले. आणि नवजात बालकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कामाचा परिणाम मोजून लोकांपुढे ठेवणे ही या संस्थेने घालून दिलेली शिस्त होय.

याच काळात दुसरेही चित्र दिसले, ते झाकून ठेवणे इष्ट नाही. १९८३ नंतर आपल्या राज्यात विनाअनुदान तत्त्वावर व्यावसायिक शिक्षणाची महाविद्यालये निघाली. त्यांतील काहींनी खरोखर चांगले काम केले. परंतु नोंदणीपत्रावर ‘धर्मादाय’ आणि व्यवहारात देणगीचा बाजार, अशाही संस्था आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. पित्याचे अध्यक्षपद पुत्राकडे आणि पुत्राचे नातवाकडे जाते, आणि सभासदांस सभेची सूचनाही मिळत नाही. १९५० सालच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने विश्वस्तांस नोंदणी, दरवर्षी हिशेब-तपासणी आणि स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची परवानगी ही बंधने घातली आहेत. परंतु कायदा हिशेबाचे आकडे तपासू शकतो. उद्देश जिवंत आहे की नाही, हे सभासदांनीच तपासावे लागते.

आपल्या संघापुढील प्रश्न

आता जे बंधू म्हणतात, की ज्ञातीच्या वर्गणीवर प्रथम हक्क ज्ञातीतील मुलांचा, त्यांचे म्हणणे मला अमान्य नाही. आपल्या वाडवडिलांनी पै-पै करून निधी जमविला, तो आपली मुले मागे पडत होती म्हणून. आजही आपल्यांतील शेतमजुराची, रिक्षाचालकाची, विधवेची मुले शुल्कावाचून अडतात. पस्तीस वर्षे शिक्षकी केल्यामुळे मला ठाऊक आहे, की असा मुलगा बहुधा तक्रार करीत नाही. एके दिवशी तो शाळेत येईनासा होतो, आणि पटावर त्याच्या नावापुढे रेघ पडते. त्यास शोधून काढून मदत पोचविणे हे आपले पहिले कर्तव्य. परंतु आपल्यांतील सुस्थितीतील घरांनाही केवळ आडनावामुळे शिष्यवृत्ती मिळावी, आणि त्याच गल्लीतील सफाई-कामगाराच्या हुशार मुलीस केवळ आडनावामुळे नकार मिळावा, हे शाहू महाराजांच्या वसतिगृहांच्या हेतूशी जुळणारे नाही. महाराजांनी गरजेपासून आरंभ केला होता. ज्ञाती हे त्या गरजेपर्यंत पोचण्याचे साधन होते.

म्हणून सभेपुढे माझ्या तीन नम्र सूचना आहेत. पहिली, निधीचे वाटप गरज पाहून व्हावे; घरच्या उत्पन्नाचा दाखला सर्वांकडून घ्यावा, पदाधिकाऱ्यांच्या नातलगांकडूनही. दुसरी, ज्ञातीतील सर्व गरजू अर्जदारांस दिल्यानंतर जी रक्कम दरवर्षी शिल्लक राहून मुदतठेवीत जाते, तिचा काही निश्चित हिस्सा कोणत्याही समाजातील गरजू विद्यार्थ्यांस खुला करावा. तिसरी, किती अर्ज आले, किती मंजूर झाले आणि साहाय्य घेतलेल्यांपैकी कितीजणांनी शिक्षण पुरे केले, हे आकडे नावे न देता दरवर्षी या स्मरणिकेत छापावेत. जाहिरातींच्या पानांमध्ये एवढी जागा निश्चित निघेल.

दुसऱ्या सूचनेसाठी संघाच्या उद्देशात दुरुस्ती करावी लागेल, हे मी जाणून आहे. १८६० च्या अधिनियमाप्रमाणे अशी दुरुस्ती विशेष सभेत तीन-पंचमांश मतांनी संमत व्हावी लागते, आणि एक महिन्यानंतरच्या दुसऱ्या विशेष सभेत तितक्याच मतांनी कायम व्हावी लागते. घाईने असे काही होऊ नये, म्हणूनच कायद्याने ही व्यवस्था केली आहे, आणि ती योग्यच आहे. विचार करावयास महिन्याचा अवधी मिळतो. त्या अवधीत विरोधाचे मत असणाऱ्या बंधुभगिनींनी अवश्य लिहावे, बोलावे.

येत्या वार्षिक सभेत हा विषय पुन्हा पुढील सभेवर न टाकता कार्यक्रमपत्रिकेच्या आरंभी घ्यावा, आणि तरुण सभासदांनी, विशेषतः ज्यांचे शिक्षण या निधीतून झाले त्यांनी, तेथे आवर्जून उपस्थित राहावे, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.